न पोहोचलेली ओ
जुन्या रेडिओच्या तापलेल्या बॅकेलाइटचा वास आला की तिसगावातली ती संध्याकाळ आठवते. मी नुकताच पदवी घेऊन शाळेत लागलो होतो, आणि मला घडवणाऱ्या सरांच्या घरी थेट परदेशातल्या माणसाशी बोलता येणारा हौशी रेडिओ होता. लष्कराच्या भंगारातला त्यांचा अँटेना ट्यूनर ट्रंकेएवढा. कितीही ताकद सोसायचा, कसलीही तार सेटशी जुळवून द्यायचा. पण त्या वर्षीच्या दुष्काळात सरांनी दारातला उंच लिंब शेजाऱ्यांच्या शेळ्यांच्या चाऱ्यासाठी तोडू दिला, आणि त्याच्या शेंड्याला बांधलेली अँटेनाची तार भिंतीवर उतरली. आफ्रिकेतला त्यांचा बालमित्र त्या दिवशी शेवटचं बोलणार होता. दुसऱ्या दिवशी घशाच्या ऑपरेशनात त्याचा आवाज जाणार होता. सरांनी बटणं फिरवली. सगळं जुळल्याचं ट्यूनरच्या काट्यानं दाखवलं. मित्राचा घोगरा आवाज आला, "मास्तर, हायस का?" सर ओरडले, "हाय रे, हाय!" "मास्तर, रुसलास व्हय?" "न्हाई रे गड्या, ऐकतोय मी!" काटा जागचा हलला नाही. ट्यूनर फक्त सेटची समजूत घालत होता. खाली आलेल्या तारेतून सरांचा आवाज समुद्रापार जातच नव्हता. "बरं, नको बोलू," म्हणून मित्र थांबला. सर माईक धरून "हाय मी, हाय मी" म्हणत राहिले. आजही माझ्या हाकेला कुणी ओ दिली नाही, तर तो रुसला असं म्हणायला माझी जीभ धजत नाही.