मुंबईत चालतं, न्यू जर्सीत नाही

विमान उतरू लागलं तेव्हा उंच टॉवर दिसले आणि त्यांच्या पायाशी निळ्या ताडपत्र्या. मी लहान असतानाच आम्ही हे शहर सोडलं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. न्यू जर्सीतल्या घरी पप्पांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "मुंबईत आपले लोक असं करत नाहीत." त्या वाक्यापायी मी शाळेच्या नाचाला गेले नाही, दूरच्या कॉलेजात गेले नाही, आणि तीन वर्षांपूर्वी जेसनला नकार दिला. तो ख्रिश्चन होता.

प्रभादेवीला आत्याकडे उतरले. शुक्रवार होता. तिने शब्बाथचे (शनिवारच्या विश्रांतीचे) दिवे लावले, नारळाच्या दुधातली कोंबडी वाढली आणि म्हणाली, "रविवारी एस्तेरकडे जा, लालबागला. तिची सासू वाट बघतेय."

एस्तेर तिची मुलगी. "सासरचं आडनाव काय?" मी विचारलं.

"सावंत. मालवणचे." आत्या ताटाकडे बघत म्हणाली.

रविवारी टॅक्सीवाल्याने करी रोडला भलत्याच टॉवरपाशी सोडलं. मी एस्तेर सावंतचं नाव सांगताच वॉचमन म्हणाला, "ती ज्यू वहिनी ना? मागची बिल्डिंग."

दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, चौकटीवर तिरकी मेझुझा (पवित्र वचनांची डबी). सासूबाईंनी हात धरून आत नेलं. "ये गो बाय. सुरमई केलंय. कोळंबी तुमका चालणा नाय, म्हणान आज आणूकच नाय."

जेवताना एस्तेरने मोबाइलवर लग्नाचा व्हिडिओ लावला. मांडवात कोणीतरी फोन उंच धरला होता आणि फोनमध्ये पप्पा. डोक्यावर टोपी, हात वर केलेला. हिब्रूत आशीर्वाद म्हणून झाल्यावर मराठीत म्हणाले, "सुखी राहा, बाळा. जावई सोन्यासारखा आहे."

"कधीचं हे?"

"तीन वर्षं झाली ना. जानेवारी. मामा तुला बोलला नाही?"

त्याच वर्षी मार्चमध्ये, जेसनचं नाव काढल्यावर पप्पा मला म्हणाले होते, "आपल्यात असं कधी झालेलंच नाही." मी हातातला घास ताटात परत ठेवला. सासूबाईंना वाटलं, तिखट झालं. त्यांनी सोलकढीची वाटी पुढे सरकवली.

संध्याकाळी आत्याला जाब विचारला. ती म्हणाली, "दादाने सांगू नको म्हटलं होतं. म्हणाला, पोरगी बिघडेल."

मग दादरची खरेदी, गिरगावची चौपाटी, सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मी बघितलं, पण डोक्यात संताप होता. जेसनचं मागच्या उन्हाळ्यात लग्न झालंय.

परतल्यावर पप्पा विमानतळावर न्यायला आले. गाडीत बसल्या बसल्या मी विचारलं, "एस्तेरला आशीर्वाद दिलात. मला का नाही?"

त्यांनी गाडी पार्किंगमधून बाहेर काढली. "तिच्या मागे तिथे सगळे आहेत. चार घरं आपली, दहा घरं ओळखीची. ती कुठे जाणार? इथे तू गेलीस तर आमचं कोण? मलिदा (गोड पोह्यांचा नैवेद्य) कोण करणार? मराठी कोणाशी बोलणार? एकटं पडायची भीती वाटली मला."

"भीती तुमची होती, पप्पा. एकटी मी पडले."

मी त्यांची समजूत काढली नाही. मुंबईहून निघालेल्या माणसांनी मुंबई जपावी, पण तिच्या नावावर खोटं सांगून मुलींचे निर्णय घेऊ नयेत.

त्या शुक्रवारी मी शब्बाथच्या जेवणाला पप्पांकडे गेले नाही.