नवे बुश

कळंबच्या रस्त्यांनी आमच्या जुन्या मोटारीचे दणके सोसणारे रबरी बुश पार खाऊन टाकले होते. प्रत्येक खड्ड्यात गाडी नुसती किंचाळायची. शेवटी मी आणि वडिलांनी अंगणातच नवे बसवले. बोल्ट भरल्या गाडीच्या वजनावर आवळायचे, म्हणून अख्खं घर आत कोंबलं. शेवटचा बोल्ट आवळला तशी वडिलांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, मागच्या सीटवरून म्हणाली, "आता बसलोच हाय, तर मोरगावला चला की!"

निघालो. खड्ड्यामागून खड्डे, पण आवाज म्हणून न्हाय! मी आनंदानं ओरडणार, तोच मागून स्पष्ट ऐकू आलं, "मेल्याला गाडी चालवायला कधी आलीच न्हाय."

वडिलांनी आरशात बघितलं. "अक्का, हे तू कधीपासनं म्हणतीस?"

"गाडी घेतल्यापासनं."