सरकारी घरातली खंडेनवमी

जर्मनीत कोलोनमध्ये शिकत असताना मी एका आजींच्या घरात खोली घेऊन राहत होते. घर महापालिकेच्या गृहसंस्थेचं, कमी उत्पन्न असलेल्यांसाठीचं. आजी निवृत्त ट्रामचालक आणि नेमबाजी क्लबच्या जुन्या सभासद. त्यांची परवान्याची रायफल माझ्या खोलीबाहेरच्या लोखंडी कपाटात असे. किल्ली कुठे असते हे मी विचारलं नाही. मी तिथे सहसा काहीच विचारत नसे.

त्या शरदात गृहसंस्थेने ठरवलं, भाडेकरूंनी घरात शस्त्र ठेवायचं नाही. पोलिसांचा परवाना असला तरीही. रायफल द्या, नाहीतर घर सोडा.

आजी म्हणाल्या, "क्लबातल्या डॉक्टरच्या बंगल्यात तीन आहेत. त्याचे शेजारी निवांत झोपतात. भाडं कमी असलं की नेम बिघडतो का?"

तेव्हा पुण्याहून आई आली होती. "अगं, सरकारी घरात राहायचं आणि वर बंदूक?" असं म्हणाली खरी, पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. बाबांच्या वर्कशॉपमधल्या लेथला दरवर्षी हळदकुंकू वाहणारी बाई, घरात खरं शस्त्र असताना गप्प कशी बसणार? आजींना गंमत वाटली. "करा, करा," म्हणाल्या. आईने बंद कपाटालाच हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. ती स्वस्तिक काढायला निघाली, तेवढं मात्र मी तिचा हात धरून थांबवलं.

दुपारी गृहसंस्थेचा माणूस तपासणीला आला आणि कपाटासमोर थबकला.

"हे काय आहे?"

आजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या घरात मी इतकं मोठ्याने कधी बोलले नव्हते. "आज आम्ही शस्त्रांची पूजा करतो."

संपलं, आजींचं घर गेलं, असं मला वाटलं. त्याने मात्र आपल्या बुटांकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला.

"म्हणजे ही धार्मिक वस्तू आहे?"

"काय म्हणतोय तो?" आईने विचारलं. मी सांगितलं.

"मग हो म्हण की. आणि पेढा दे त्याला."

त्याने उभ्याउभ्याच पेढा खाल्ला. धार्मिक वस्तूंबद्दल नियमात काही नाही, साहेबांना विचारावं लागेल, म्हणाला. साहेबांनी बहुधा त्यांच्या साहेबांना विचारलं असावं. पुन्हा कोणी आलं नाही.

नाताळपर्यंत हार वाळून काळा पडला. मी काढायला गेले तर आजींनी अडवलं.

"हात लावू नकोस. पोलिसांच्या परवान्यापेक्षा हा जास्त चालतो."