परत गोळा न होणारं पत्रक

आमच्या संघटनेत एक नियम आहे. निनावी लिहायचं नाही. पत्रक असो, निवेदन असो, ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं पूर्ण नाव, गाव आणि कंपनीतली लाइन खाली आलीच पाहिजे. नाव नसलेलं पत्रक भित्र्याचं, हे मला पहिल्याच शिबिरात शिकवलं आणि मी ते पुढे कितीतरी मुलींना शिकवलं. चाकणच्या गेटांवर शिफ्ट सुटताना हे वाक्य मी ठणकावून म्हणायची. आता ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं तरी माझी मान खाली जाते.

ज्या मुलीमुळे हे झालं, ती नांदेडकडची. थेरगावात डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची आणि कंपनीच्या बसनं चाकणला जायची. वायरिंगच्या लाइनीवर कंत्राटी कामगार. त्या लाइनीला बाथरूमला जायचा एकच पास होता, लाइन लीडरच्या टेबलापाशी खिळ्याला लटकवलेला. एक बाई पास घेऊन गेली की ती परत येईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. पाळीच्या दिवशी तिनं पुन्हापुन्हा मागितला, मिळाला नाही. कपडे खराब झाले. लीडर हसला, त्याच्या मागून लाइनही हसली. शिफ्ट सुटेपर्यंत ती तशीच उभी राहून काम करत होती.

हे तिनं मला तिच्या खोलीत, दार लोटून घेऊन सांगितलं. मी बाई आहे म्हणून सांगितलं. मी लिहून घेतलं, खाली तिचं पूर्ण नाव घातलं आणि वाचून दाखवलं.

"नाव लागतंच का, ताई?"

"लाज त्यांना वाटू दे. तू कशाला लपायचं?" मी म्हटलं.

टाळ्या घेणारं वाक्य होतं. खोलीत टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. तिनं मान डोलावली.

आधी आम्ही ते निवेदन, सगळे टाकतात तिथंच, सोशल मीडियावरच्या आमच्या पेजवर टाकलं. आठवड्याच्या आत पेजच गायब. कुणीतरी ठरवून तक्रारी केल्या असणार. विचारणा केली तर छापील उत्तर आलं, नियमांचं उल्लंघन. कुठल्या नियमांचं, ते नाही. इतक्या वर्षांची निवेदनं, फोटो, गेटसभांचे व्हिडिओ, सगळं गेलं. त्याचा संताप मला आजही आहे. आपलं म्हणणं दुसऱ्याच्या भिंतीवर लिहायचं आणि त्यानं वरून चुना मारला की हात चोळत बसायचं, याला काय बोलण्याचं स्वातंत्र्य म्हणायचं?

माझा एक कॉलेजमधला मित्र वाकडला राहतो, हिंजवडीत नोकरी करतो. सुटीच्या दिवशी आमच्या ऑफिसात येऊन कॉम्प्युटरची कामं करून देतो. तो म्हणाला, "ब्लॉकचेनवर टाक. तिथं मालकच नाही. तोच मजकूर जगभरच्या हजारो मशीनवर जातो. प्रत्येक नवी नोंद आधीच्या नोंदीला बांधलेली. मधली एक बदलायची तर सगळ्यांकडची साखळी मोडावी लागेल. कुणाचा बाप काढू शकत नाही."

मालकच नाही. माझ्यासारखीला याहून गोड काय ऐकू येणार?

"आन आपल्याला काढायचं झालं तर?" हे काकांनी विचारलं. काका इथल्याच जुन्या गावातले, कारखान्यात उभी नोकरी करून निवृत्त झालेले, आमच्यातले सगळ्यात जुने.

"आपल्याला कशाला काढायचंय, काका?"

"तसं न्हाई. आमी एकदा चुकीचं पत्रक वाटलं व्हतं. एका फोरमनचं नाव घातलं, अन् त्यो बिचारा त्या दिवशी कामावरच नव्हता. मग बसलो टपऱ्या टपऱ्या हिंडत, गोळा करत. एका भेळवाल्यानं पुड्या बांधल्या व्हत्या. त्या बी सोडवून घेतल्या राव, भेळीसकट."

सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं.

तर टाकलं. लोकांना वाचता यावं म्हणून मित्रानं एक साधी साइटही करून दिली. आणि ज्यासाठी टाकलं ते झालं, हेही इथं लिहिलंच पाहिजे. कंपनीच्या माणसांनी बराच आटापिटा केला, पण काढ म्हणून सांगणार कुणाला? बातमी फिरत राहिली. शेवटी एक दिवस पास बंद झाला. त्या लाइनीवरच्या मुलींनी नुसत्या खिळ्याचा फोटो पाठवला आणि आम्ही ऑफिसात पेढे वाटले. त्या मुली आज कुणाला न विचारता उठून जातात. मजकूर पुसता आला असता तर तो पास आजही तिथं लटकत असता. म्हणून मला हे सगळं चूक होतं असं म्हणून मोकळंही होता येत नाही.

तिचं कंत्राट संपलं. नव्या कामासाठी ती दुसऱ्या कंत्राटदाराकडे गेली. तिथल्या क्लार्कनं तिचं नाव मोबाइलवर टाकून शोधलं. तिच्यासमोर वाचलं, शेजारच्याला दाखवलं आणि "कळवतो" म्हणाला. पुढच्या ठिकाणीही तेच. मग गावाकडून भावाचा फोन आला.

ती ऑफिसात आली तेव्हा काका होते, मी होते.

"ताई, ते काढून टाका की. लोक नाव टाकून बघायलेत."

मी मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "आपल्या साइटवर दाखवायचं बंद करतो. पण मूळ राहणारच. बाकीच्या साइट तिथूनच उचलतात, त्यांच्यावर दिसणार."

"अरे, ती समोर बसलीय माझ्या."

"अगं, पण तुला हेच हवं होतं ना?"

तो टोचून बोलला नव्हता. खरंच विचारत होता.

मला भांडायची सवय आहे. भांडायला कुणीतरी लागतं. पेज काढणाऱ्याला निदान शिव्या तरी घालता येत होत्या. कंपनी म्हटली की गेट असतं, गेटवर बसता येतं. ज्याला मालक नाही, त्याच्या दारात धरणं कुठं धरायचं? मोठ्या व्यासपीठांवरून हे नवं इंटरनेट म्हणजे सामान्य माणसाच्या हातात सत्ता, असं सांगणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. मीही ते सांगत होते.

तरी मी म्हटलं, "आपण त्याखाली एक खुलासा जोडू."

"अजून जोडायलाव का त्याला?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "कपडे मी त्याच दिवशी धुतलते, ताई."

काका खिडकीतून बाहेर बघत बसले. तिनं माझ्याच कॉम्प्युटरवर ते निवेदन शेवटपर्यंत खाली सरकवलं.

"तुमचं नाव कुठंय ह्याच्यात?"

नव्हतं. खाली संघटनेचं होतं. अन्याय झालेल्याचं नाव घालायचं, लिहिणाऱ्याचं नाही, हाही आमचाच नियम. इतरांच्या धैर्यावर मी किती धीट झाले होते! स्वतःच्या पाळीबद्दल मी स्वतःच्या नावानं आजवर एक ओळही लिहिलेली नाही. घरी, आईसमोरसुद्धा, आवाज खाली करते.

जाताना ती दारात थांबली. "एक करा फक्त. कुठं भेटले तर ओळख दाखवू नका. तुमच्यासोबत दिसले की नाव विचारतेत. नाव कळलं की बघतेत."

मी हो म्हटलं.

त्यानंतरचं पत्रक मी नावांशिवाय काढलं. काकांनी गठ्ठ्यातलं एक उचललं, खालची ओळ बघितली. "नावं न्हाईत व्हय?"

"नाहीत."

काकांनी गठ्ठा काखेत मारला आणि दुसऱ्या बाजूच्या गेटकडे गेले.

मी उभी होते त्या गेटमधून शिफ्ट सुटली. गर्दीत ती दिसली, नव्या कंपनीच्या शर्टात, गळ्यात ओळखपत्र. कुठल्या तरी कंत्राटदारानं नाव टाकून बघितलं नसावं. किंवा बघूनही कामावर घेतलं असावं, ते मला कधी कळणार नाही. ती माझ्याच बाजूनं आली. हात पुढे केला. मी इतरांना देत होते तसंच एक पत्रक तिच्या हातात ठेवलं आणि मागच्या बाईकडे बघितलं.

तरी डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं. तिनं पत्रक वरून वाचलं नाही. आधी खाली, नावं असतात तिथं बघितलं. मग घडी करून डब्याच्या पिशवीत टाकलं आणि बसकडे गेली.