फणसाचा बुडखा

आमच्या मुलुंडच्या बैठ्या चाळीमागचा फणस बाबांच्या हातून मेला. फणस आईचा. लग्न होऊन मुंबईला येताना तिने माहेरचं रोप मांडीवर धरून आणलं आणि खोलीमागच्या हातभर जागेत लावलं. झाड पत्र्याच्या वर गेलं, सावली झाली, पण फळ काही धरेना.

आमच्या कोकणात फणस धरत नसेल तर खोडावर कोयत्याने चार घाव घालतात. झाड घाबरतं आणि धरतं म्हणे. चार घाव, बस. पण संपानंतर बाबांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही आणि माणूस घरी बसला. सकाळचा चहा झाला की कोयता घेऊन मागच्या दारी. आज इथे एक घाव, उद्या तिथे एक. "बाबा, पुरे ना आता!" मी ओरडायचे. ते नुसते हसायचे. पावसाळा सरेपर्यंत घावाला घाव भिडून खोडाभोवती साल निघालेलं कडंच तयार झालं. दिवाळीनंतर झाडावर पान उरलं नाही. आईच्या वाटचंही बाबांना मीच बोलले.

पौषात एक वाळकी फांदी शेजारच्या पत्र्यावर आदळली, तेव्हा झाड उतरवावंच लागलं. बाबांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. वरून एकेक फांदी दोरीला बांधून खाली सोडली, मग दोन दिवस करवत चालवली. गुडघाभर बुडखा राहिला, त्या कड्याच्या खालचा.

"एवढो रवांदे गो," बाबा मला म्हणाले. "मुळात जीव आसा. चैतात फुटतलो."

मला तिथे आईसाठी न्हाणी बांधायची होती. गुडघ्यांमुळे तिला चाळीच्या न्हाणीपर्यंत चालवत नव्हतं. मी तेव्हा साकीनाक्याला प्लास्टिकच्या कारखान्यात दिवसभर उभी राहायचे. घरात पगार माझा एकटीचा, म्हणून शब्दही माझाच चालायला लागला होता. पण खरं सांगायचं तर न्हाणी हे निमित्त. मला त्या वाट बघण्याचाच वीट आला होता. दर सोमवारी बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गिरणीच्या गेटवर जायचे आणि दुपारी परत येऊन सांगायचे, "फुडच्या म्हयन्यात उघडतली." मी ते किती वेळा ऐकायचं?

"गिरणी पण चैत्रातच उघडणार का?" मी विचारलं.

आई चुलीपुढून उठून बाहेर गेली. पुढच्या रविवारी सकाळी बाबांनी स्वतःच कुदळ-पहार काढली.

मीही पदर खोचून उतरले. माती थंड आणि घट्ट होती. बाबा खणायचे, मी घमेल्याने माती उपसायचे. आडवी मुळं एकेक उघडी करून कुऱ्हाडीने तोडायची, मग पहार घालून बुडखा हलवून बघायचा. तो हलत नव्हता. तोडलेली मुळं आतून तपकिरी, कोरडी निघत होती आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटत होतं. बघा, मेलंय ना? तोंडाने म्हणाले नाही एवढंच. दुपारपर्यंत तीन बाजू मोकळ्या झाल्या. आमच्या खोलीच्या भिंतीखाली गेलेलं एकच जाड मूळ राहिलं.

बाबांनी त्यावर कुऱ्हाड मारली. घावातून पांढरा चीक आला. आधी थेंब, मग ओघळ, खाली मातीवर.

आम्ही दोघं त्या खड्ड्यात उकिडवे बसलो होतो. बाबांनी त्याला बोट लावून बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. ते मला विचारत होते. त्या एका मुळावर माती लोटून दिली असती तर कदाचित बुडखा तगला असता, कदाचित नसताही. न्हाणी दोन हात इकडे सरकली असती, एवढंच. मला हे तेव्हाही कळत होतं. पण एवढं बोलून झाल्यावर माघार घ्यायची मला लाज वाटली.

"आता काय उपयोग," मी म्हणाले. "तोडा."

त्यांनी तोडलं. तीन घावांत.

फणसाचा चीक पाण्याने जात नाही. आई वाटीत खोबरेल घेऊन आली आणि त्यांच्यापुढे बसली. त्यांनी हात पुढे केलाच नाही. तेलाची वाटी तशीच उंबऱ्यावर राहिली आणि त्यांच्या बोटांवर चीक काळा पडत गेला.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी कामाला निघाले तेव्हा इस्त्रीचा शर्ट खुंटीवरच होता. बाबा मागच्या दारात, त्या खड्ड्याकडे तोंड करून बसले होते. "गेटवर जायचं नाही?" मी विचारलं.

"काय उपयोग," ते म्हणाले.