सुरतेहून आणलेला रिपोर्ट

मैत्रिणींनो, आत्ताच सुरतेहून आले. चहासुद्धा न घेता लिहायला बसलेय.

आमच्या कळसाडीतून सुरतेला दोनच कामांसाठी जातात, दवाखाना नाहीतर लग्नाचा बस्ता. आज आम्ही दोघी जावा नुसत्या मजा करायला गेलो. तरी मोठ्या जाऊबाईंनी घरी दाखवायला गुडघ्याच्या जुन्या रिपोर्टची फाईल काखेत मारलीच!

चित्रांच्या प्रदर्शनात एका निळ्या चित्रासमोर त्या कितीतरी वेळ उभ्या होत्या. गुडघ्याचं नाव काढलं नाही. मग सिनेमा पाहिला आणि गाडीवर उभ्याउभ्या डाळीचा वाफवलेला गरम लोचो खाल्ला. वरून तेल आणि शेव, दोनदा मागून.

परत आलो तर सासूबाई आणि जेठ, म्हणजे जाऊबाईंचे मालक, ओट्यावरच बसलेले. सासूबाईंनी विचारलं, "डाक्टरनी काय सांगं?"

काय खोटं सांगायचं ते बसमध्येच ठरलं होतं. पण जाऊबाईंनी फाईल उघडली आणि प्रदर्शनाचं पत्रक सासूबाईंच्या हातात ठेवलं.

"दवाखानामा गयूतच नही. चित्रं देखात, सिनेमा देखा, लोचो खादा. पुढला महिनामा परत जासूत."

"पन काम काय व्हतं?" जेठांनी विचारलं.

"काहीच नव्हतं," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले.

हेच जेठ रोज पानटपरीवर दोन तास बसतात. त्यांना कोणी काम विचारत नाही. मग मजा करायला आम्हीच आजारी का पडायचं?

खरं सांगा, शेवटच्या वेळी तुम्ही कोणतं दुखणं सांगून घराबाहेर पडला होतात?