चाला रे बठ्ठा!

पिंके, जवळ असतीस तर कान पिळला असता. काका गेल्यावर त्यांच्या रॉक बँडमध्ये ड्रमवर बसलीस, आणि काकूला साधा फोन नाही? धुळ्याच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ मी मुद्दामच बघत नव्हते. त्यांच्या जागी दुसरं कुणी बघवेना.

दीपनगरच्या हॉलमधला त्यांचा पहिला कार्यक्रम. भिंतींना ताज्या रंगाचा वास. ‘वन, टू’ म्हणाले आणि घाबरून पुढचं इंग्रजीच विसरले. मग सगळ्यांना ‘चला’ म्हणून हाक घालावी तसे आपल्या अहिराणीत ओरडले, “चाला रे बठ्ठा!” हॉल खदखदून हसला, गाणं मात्र सुसाट सुटलं. मी लाजेनं पदरात तोंड लपवलं.

काल व्हिडिओ लावलाच. गिटारवाले नाना तेवढे जुने, बाकी सगळे नवे. तू काठ्या उचलल्यास आणि ओरडलीस, “चाला रे बठ्ठा!”

या वेळी पदर डोळ्यांना लावला गं. त्यांच्या काठ्या माझ्या कपाटात आहेत. न्यायला लवकर ये.